टेरी फॉक्सचा गुडघा

आपल्या मंडळाच्या तरुण सभासदांनी येत्या हिवाळ्यात इंदूरहून महेश्वरपर्यंत सायकलने आणि काही टप्पे धावत जाण्याचे योजिले आहे. हेतू बालकांच्या कर्करोगाविषयी जागृतीचा. अंतर ९० किलोमीटरच्या आसपास, वाटेत घाट. सायकलीवर बसण्याचे माझे वय सरले असे घरचे म्हणतात. तेव्हा संपादकांनी माझ्या वाट्याला लेखणी दिली. या निमित्ताने अशा सर्व फेऱ्यांचा जो आदिपुरुष, त्या टेरी फॉक्सचे चरित्र मी पुन्हा एकदा वाचले. या वेळी मात्र एखाद्या रुग्णाची केसशीट वाचावी तसे.

जन्म २८ जुलै १९५८, कॅनडातील विनिपेग येथे. बालपण ब्रिटिश कोलंबियातील पोर्ट कोक्विटलम या गावी. अंगकाठी लहान, पण जिद्दीने बास्केटबॉलच्या संघात शिरलेला मुलगा. नोव्हेंबर १९७६ मध्ये त्याच्या मोटारीला अपघात झाला आणि उजवा गुडघा दुखावला. पुढे दुखणे वाढतच गेले, तरी खेळाचा हंगाम बुडू नये म्हणून त्याने ते अंगावर काढले. मार्च १९७७ मध्ये निदान झाले : ऑस्टिओसार्कोमा. वय १८. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

टेरीचा स्वतःचा समज असा होता की अपघातामुळेच गुडघा रोगाला बळी पडला. डॉक्टरांना ते मान्य नव्हते. मार लागल्याने हा कर्करोग होत नाही, मार त्याच्याकडे आपले लक्ष वेधतो, एवढेच. परंतु हाच समज आपल्याही दवाखान्यात रोज येतो. ‘पडला होता, तेव्हापासून दुखतंय’ हे आईचे वाक्य ऐकले की आपले विचारचक्र तिथेच थांबते.

हा रोग हाडाच्या वाढत्या टोकाशी, मेटाफिसिसमध्ये उगवतो. बहुधा गुडघ्याच्या आसपास, फेमरच्या खालच्या किंवा टिबियाच्या वरच्या टोकाला. वय साधारणतः १० ते २०, म्हणजे उंची झपाट्याने वाढण्याचा काळ. ‘वाढीच्या वेदना’ म्हणून आपण ज्यांची समजूत घालतो त्या निराळ्या. त्या लहान मुलांना, बहुधा दोन्ही पायांना, संध्याकाळी वा रात्री होतात; सकाळी मूल उड्या मारीत असते. तपासणीत काही सापडत नाही. याउलट एकाच पायाचे, एकाच जागी बोट ठेवून दाखविता येणारे, आठवड्यागणिक वाढणारे, झोपेतून उठविणारे दुखणे असेल, किंवा मूल लंगडत असेल, तर ती वाढीची वेदना नव्हे. त्याच दिवशी एक्स-रे काढावा.

हे मी इतक्या ठामपणे का लिहितो, ते सांगणे भाग आहे. २००१ सालच्या पावसाळ्यात १३ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. तीन आठवडे उजव्या गुडघ्याच्या वर दुखत होते. कबड्डीत पडल्याचे निमित्त. मी दाबून पाहिले, तो कळवळला. बाहेर बाके भरलेली होती. वेदनाशामक गोळी व कॅल्शियम लिहून दिले आणि ‘वय वाढीचे आहे’ असे आईला सांगितले. एक्स-रेचे यंत्र समोरच्याच इमारतीत होते. पुढे घरी तेलाचे मालिश झाले. दहा आठवड्यांनी तो परत आला तेव्हा सूज डोळ्यांना दिसत होती. एक्स-रेमध्ये हाडातून सूर्यकिरणांसारख्या रेषा फुटलेल्या, आणि छातीच्या चित्रात दोन ठिपके. त्याच रात्रीच्या अवंतिकाने कुटुंब मुंबईला गेले. पाय गेला; पुढल्या वर्षी मुलगाही. वडील फाईल घेऊन मला भेटावयास आले व शांतपणे विचारते झाले, ‘तेव्हाच फोटो काढला असता तर?’ त्या दहा आठवड्यांनी निकाल बदलला असता की नाही, हे शास्त्र छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मला हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारता आले नाही.

टेरीकडे वळतो. सुमारे सोळा महिने केमोथेरपी घेताना त्याने वॉर्डातील मुलांची अवस्था पाहिली. आपण जगलो ते संशोधनामुळे, असे त्याच्या मनाने घेतले, आणि हे केवळ भावनेचे बोल नव्हते. केवळ पाय कापण्याच्या जमान्यात पाचांतील एखादाच रुग्ण वाचे, कारण निदानाच्या वेळीच डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी फुप्फुसात पोहोचलेल्या असत. औषधांनी हे गणित पालटले. १२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्स येथे अटलांटिकच्या पाण्यात कृत्रिम पाय बुडवून तो पश्चिमेकडे धावू लागला. तो पाय चालण्यासाठी घडविलेला, धावण्यासाठी नव्हे. म्हणून धड पायावर दोनदा, कृत्रिम पायावर एकदा अशी त्याची लय असे. मित्र डग अल्वर्ड व्हॅन चालवीत असे. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर, म्हणजे दिवसाला ३७ किलोमीटरांहून अधिक. मांडीच्या टोकाला जखमा होत, रक्त येई. १ सप्टेंबर रोजी थंडर बे जवळ खोकला व छातीतील कळ यांनी त्याला थांबविले. रोग फुप्फुसात उतरला होता. २८ जून १९८१ रोजी, तेविसावा वाढदिवस महिन्यावर असताना, तो गेला. प्रत्येक कॅनडावासीयामागे एक डॉलर हे त्याचे मागणे फेब्रुवारी १९८१ पर्यंत पुरे झाले होते : २ कोटी ४० लाखांहून अधिक.

वाटेत वैद्यकीय तपासण्या त्याने टाळल्या, हे मात्र एक डॉक्टर म्हणून मला खुपते. वीर म्हणून त्याला वंदन करावे. रुग्ण म्हणून त्याचे अनुकरण कुणी करू नये. आपल्या फेरीतील चाळिशीपुढील सभासदांनी निघण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्यावी, ही सूचना कोणी हसण्यावारी नेऊ नये. तहानेपेक्षा अधिक पाणी पिण्याचा अतिरेकही नको. रक्तातील सोडियम उतरून धावपटू दगावल्याची उदाहरणे वैद्यकात आहेत.

आज रोग पसरलेला नसेल तर ६० ते ७० टक्के मुले वाचतात, आणि बहुतेकांचा पाय वाचविता येतो. रोगट हाड काढून तेथे धातूचा सांधा बसवितात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात हे काम दीर्घकाळ चालू आहे. एक गोष्ट आपल्या शल्यचिकित्सक मित्रांसाठी : संशय आल्यास गावातच बायोप्सी उरकू नये. जो चमू पुढे शस्त्रक्रिया करणार, त्यानेच ती करावी. चुकीच्या जागी घेतलेल्या छेदामुळे वाचू शकणारा पाय जातो. फुप्फुसात पसरलेल्या रोगाचे यश मात्र गेल्या चार दशकांत फारसे वाढलेले नाही. म्हणूनच पहिल्या एक्स-रेचे मोल.

फेरीच्या फलकांवर काय छापावे, याची चर्चा बैठकीत बराच वेळ चालली. माझे म्हणणे एवढेच की वाटेतील शाळांमध्ये थांबून खेळाच्या शिक्षकांशी दहा मिनिटे बोलावे. मूल लंगडते हे आईच्याही आधी त्यांना दिसते. मी मोटारीने मागून येईन. सोबत दोन एक्स-रे असतील : एक निरोगी गुडघ्याचा, आणि दुसरा २००१ सालचा. तो दाखविण्याची परवानगी त्याच्या आईने दिली आहे.