हात फुटतात? आधी साबणाकडे पाहा

थंडी पडली की माझ्याकडे हात दाखवायला येणारे वाढतात. मी ज्योतिषी नव्हे, साधा एमबीबीएस डॉक्टर. पण भेगाळलेला हात पाहिला की त्या माणसाचा दिवस कसा जातो याचा थोडाफार अंदाज येतो.

मागच्या हिवाळ्यात खानावळीत पोळ्या करणाऱ्या एक बाई आल्या. बोटांच्या पेरांवर भेगा, कातडी लालसर आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. "डॉक्टर, कणकेतलं मीठ लागलं की जीव जातो. मालक म्हणतात, असे हात घेऊन कणकेला लागू नका." पोळ्या बंद म्हणजे पगार बंद. पिशवीतून त्यांनी एक ट्यूब काढली. शेजारणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणलेली. आठ महिने चोळत होत्या. त्यात जोरदार स्टेरॉइड होते. लावले की चार दिवस बरे, सोडले की पुन्हा तेच. असे मलम महिनोन्‌महिने लावले तर त्वचा पातळ होते व लवकर फाटते. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांची मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी ती सर्रास मिळतात.

कबूल करतो, पूर्वी मीही अशा रुग्णाला व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून मोकळा होत असे. हात दिवसातून किती वेळा आणि कशाने धुता, हे विचारतच नसे. या बाईंना विचारले. परातीपासून पातेल्यांपर्यंत सगळी भांडी त्याच घासत होत्या, तीही कपड्यांच्या पावडरीने, कढत पाण्यात!

त्वचेच्या वरच्या थरात पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधला स्निग्ध अंश सिमेंटचे काम करतो. पावडर हा स्निग्ध अंशच धुऊन नेते. मग आतले पाणी उडून जाते व त्वचा तडकते. तळहाताला तर तेलाच्या ग्रंथीच नसतात, त्यामुळे झीज भरून यायला वेळ लागतो.

म्हणून क्रीम निवडताना सुगंध, किंमत आणि जाहिरातीतली नटी विसरा. बाटलीतून भळाभळा ओतता येणाऱ्या लोशनमध्ये बहुतेक पाणीच असते. फुटलेल्या हातांना घट्ट, चिकट मलम हवे. साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली, म्हणजे आपले व्हॅसलीन, स्वस्त आणि उत्तम. दिवसा चिकटपणा नको असेल तर ज्यावर ग्लिसरीन, लिक्विड पॅराफिन लिहिले आहे असे जाडसर क्रीम घ्या. युरियाचे क्रीम जाड, राठ कातडीला चांगले, पण उघड्या भेगांवर झोंबते. ग्लिसरीनमध्ये लिंबू पिळण्याचा घरगुती उपायही भेगांवर नकोच.

काय लावता यापेक्षा केव्हा लावता याला जास्त महत्त्व आहे. हात धुऊन नुसते टिपावेत आणि ओलसर असतानाच लावावे. दर धुण्यानंतर. रात्री जाडसर थर देऊन जुने सुती मोजे हातात घालून झोपावे. घरचे हसतील, हसू द्यावे. कणकेच्या वेळी मात्र व्हॅसलीन नको, तेथे गोडेतेलाचे बोट चालेल. भांड्यांसाठी रबरी हातमोजे, आत पातळ सुती मोजे. घाम साचू लागला की काढावेत. अंगठीखाली साबण साचतो, तीही काढून ठेवावी.

एकाच हाताचा तळवा कोरडा होऊन पापुद्रे सुटत असतील तर तो नायटा असू शकतो. पाणी सुटणे, पू, रात्री झोप मोडणारी खाज, किंवा महिनाभर नीट काळजी घेऊनही फरक नसणे, यापैकी काही असेल तर डॉक्टरला दाखवावे.

बाईंची ट्यूब मी बंद करवली. पहिले काही दिवस हातांची आग झाली, त्या चिडल्याही. भांडी मालकांनी दुसऱ्या मुलाकडे दिली. दीड महिन्याने आल्या तेव्हा भेगा भरल्या होत्या आणि पोळ्या पुन्हा सुरू होत्या. उरलेल्या ट्यूबचे काय केले, असे विचारले तर म्हणाल्या, "शेजारणीला देऊन टाकली." आता त्या शेजारणीला घेऊन या, असे सांगितले आहे.