गहू का लोळतो?

फेब्रुवारीत गव्हाच्या शेतांवरून फेरी मारलीत, तर एखाद्या शेतातील पीक वाऱ्यापावसाने आडवे झालेले दिसेल. शेतकरी म्हणतात, 'गहू लोळला.' नवल असे, की पुष्कळदा हेच शेत सर्वांत जास्त खत घातलेले असते! मग खताने पीक वाढले की बुडाले?

नत्र काय करते?

नत्र हा प्रथिनांचा आणि हरितद्रव्याचा घटक आहे. ते मिळाले की पाने गर्द हिरवी होतात, फुटवे वाढतात आणि ओंब्याही वाढतात. गव्हाचे उत्पादन म्हणजे ओंब्यांची संख्या, दर ओंबीतील दाणे आणि दाण्याचे वजन यांचा गुणाकार, हे ध्यानात ठेवा.

महाराष्ट्रात वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ४० किलो पालाश देण्याची शिफारस आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते; म्हणजे सगळे नत्र युरियातून द्यायचे तर सुमारे २६० किलो युरिया लागेल. त्यातील निम्मा पेरणीच्या वेळी व निम्मा तीन आठवड्यांनी देतात. त्या सुमारास मुकुटमुळे फुटतात, फुटवे येऊ लागतात आणि रोपाची भूक वाढते.

नत्र प्रमाणाबाहेर झाले, तर मात्र पीक फार दाट होते. खोडाच्या बुंध्याशी उजेड पोचत नाही. तेथील कांडी लांब व कमकुवत राहतात. वर ओंबीचे ओझे, खाली लेचापेचा आधार! पीक आडवे झाले, की पाने एकमेकांखाली दबतात, प्रकाशसंश्लेषण घटते आणि दाणे बारीक राहतात.

उंची वाढविणारे द्रव्य

खोड लांबते कशामुळे? याचा धागा भाताच्या एका रोगातून मिळाला. या रोगात रोपे उंच व सडपातळ होतात. एका बुरशीने स्रवलेल्या द्रव्यामुळे असे घडते, हे जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ साली दाखविले. या द्रव्याला पुढे जिबरेलिन हे नाव मिळाले. निरोगी वनस्पतीही जिबरेलिने स्वतः तयार करतात, हे नंतर कळले. ती वनस्पतीची संप्रेरके आहेत. त्यांच्यामुळे कांड्यांतील पेशी लांबतात.

दोन उपाय

पहिला उपाय बियाण्यातला. जपानमधील 'नोरिन १०' या बुटक्या गव्हाचा वापर करून नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत बुटके वाण तयार केले. १९६६ साली भारताने तेथून १८,००० टन बियाणे आणले. हे गहू बुटके का, याचा उलगडा १९९९ साली झाला: त्यांच्यात जिबरेलिन असते, पण बदललेल्या जनुकामुळे रोप त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. म्हणूनच ते अधिक नत्र पचवूनही उभे राहतात.

दुसरा उपाय फवारणीचा. क्लोरमेक्वॅट क्लोराइड हे वृद्धिनियामक जिबरेलिन तयार होण्याच्या क्रियेतच अडथळा आणते. कांडी धरण्याच्या सुरुवातीला ते फवारले, तर खोड आखूड राहते. युरोपात ते गव्हावर मोठ्या प्रमाणावर वापरतात.

पण हे नियामक म्हणजे खत नव्हे. ते रोपाला अन्न देत नाही. मुख्यतः उभे राहण्यास मदत करते. पीक लोळण्याची भीतीच नसेल, तर फवारणीचा खर्च बहुधा वाया जातो. जादा नत्राचेही तसेच: पिकाने न घेतलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर खाली झिरपते आणि विहिरीपर्यंत पोचू शकते.

करून पाहा

तीन सारख्या कुंड्यांत सारखीच हलकी माती भरा व प्रत्येकीत गव्हाची पाच रोपे वाढवा. तीन आठवड्यांनी पहिलीला १०० मिलिलिटर साधे पाणी, दुसरीला तेवढ्याच पाण्यात ०.२ ग्रॅम युरिया आणि तिसरीला १ ग्रॅम युरिया विरघळवून द्या. पुढे दर आठवड्याला उंची, फुटवे व पानांचा रंग वहीत नोंदवा. शेवटी ओंब्या व दाणे मोजा. सर्वांत हिरव्या कुंडीनेच सर्वांत जास्त दाणे दिले का? उत्तर तुमच्या वहीतच सापडेल.