पाणबुड्याचा पहिला संगणक : निवड कशी करावी?

(द्वितीय वर्ष, कला)

समुद्राच्या पोटात उतरलेल्या माणसाला दोन प्रश्न सतत सोबत करीत असतात. टाकीत हवा किती उरली, आणि वर कधी व कसे यायचे? पहिल्याचे उत्तर टाकीला जोडलेला दाबमापक देतो. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यात शास्त्रज्ञांच्या काही पिढ्या खर्ची पडल्या. आज ते उत्तर मनगटावर बांधायच्या एका लहानशा यंत्रात मिळते. त्याला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात. प्रस्तुत लेखात आपण त्याला नुसते संगणक म्हणू. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर स्कूबाचा व्यवसाय वाढल्यापासून आपल्या महाविद्यालयातील कित्येकांची भावंडे त्यात शिरली आहेत. हा संगणक त्यांच्या कानावरून गेलेला असतो, परंतु तो विकत घेताना नेमके काय पाहावे हे सांगणारे मराठीत फारसे कोणी भेटत नाही.

यंत्र निवडण्यापूर्वी ते काय मोजते हे समजले पाहिजे. पृष्ठभागावर आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो. समुद्रात दर १० मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे २० मीटरवर दाब तिप्पट होतो, आणि आपण श्वासातून घेतो ती हवाही तिप्पट दाबाची असते. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रवायूचा. तो शरीराच्या उपयोगाचा नाही. दाबाखाली तो रक्तात आणि मांसपेशींत विरघळत जातो. पाणबुडा सावकाश वर आला तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. घाईने वर आला तर काय होते, हे ज्याने गोटी सोड्याची बाटली फोडताना पाहिली आहे त्याला सांगायला नको. तेच बुडबुडे सांध्यांत, मज्जारज्जूत वा मेंदूत झाले तर माणूस कायमचा पंगू होऊ शकतो.

हा विकार प्रथम पाणबुड्यांपेक्षा मजुरांत जास्त दिसला. एकोणिसाव्या शतकात नदीपात्रात पुलांचे पाये घालण्यासाठी दाबाची हवा भरलेल्या प्रचंड पेट्या तळाशी उतरवीत आणि त्यांत मजूर खोदकाम करीत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग हा १८७२ मध्ये याच विकाराने अंथरुणाला खिळला. १८७८ मध्ये पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने नत्रवायूच्या बुडबुड्यांकडे बोट दाखविले. पुढे जॉन स्कॉट होल्डेन याने ब्रिटिश नौदलासाठी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये पहिली भरवशाची कोष्टके प्रसिद्ध केली.

होल्डेनची कल्पना मोठी सुंदर आहे. शरीर हे एकच भांडे नसून निरनिराळ्या आकारांची अनेक भांडी आहेत असे त्याने मानले. पावसात अंगणात तांब्या, घागर आणि रांजण ठेवले तर तांब्या लगेच भरतो, रांजणाला वेळ लागतो. मात्र रिकामे करतानाही रांजणालाच वेळ लागतो. रक्त तांब्यासारखे, चरबी व सांधे रांजणासारखे. होल्डेनने अशी पाच भांडी धरली. सर्वांत चपळ भांडे ५ मिनिटांत निम्मे भरते, पुढच्या ५ मिनिटांत उरलेल्याच्या निम्मे, असा तो हिशेब. स्वित्झर्लंडच्या ब्यूलमान यांनी तो १६ भांड्यांपर्यंत नेला, आणि त्यांतील सर्वांत मंद भांडे निम्मे भरायला ६३५ मिनिटे लागतात. संगणक दर काही सेकंदांनी खोली मोजून या सगळ्या भांड्यांची बेरीज-वजाबाकी करतो, आणि याच खोलीवर आणखी किती मिनिटे थांबले तर न थांबता थेट वर येता येईल तो आकडा पडद्यावर दाखवितो.

पूर्वी हेच काम छापील कोष्टकावर होई. परंतु कोष्टक समजते की, तुम्ही सगळा वेळ सर्वांत खोल जागीच होता. एका प्रसिद्ध कोष्टकात १८ मीटरला ५६ मिनिटे आणि ३० मीटरला अवघी २० मिनिटे दिली आहेत. पाच मिनिटे १८ मीटरवर जाऊन उरलेला वेळ ८ मीटरवर मासे पाहत घालविला तरी कोष्टक सगळा वेळ १८ मीटरचाच धरणार. संगणक प्रत्यक्ष जसे गेलात तसा हिशेब ठेवतो. बाजारात १९८३ मध्ये आलेला अमेरिकेतील ‘एज’ हा या जातीचा पहिला यशस्वी संगणक मानला जातो.

माझा मावसभाऊ मालवणला पर्यटकांबरोबर पाण्यात उतरतो. त्याचे म्हणणे, “माका खोली कळता, वेळ कळता, आनी काय होया?” उथळ पाण्यापुरते दादाचे खरे आहे. किल्ल्याजवळच्या सात-आठ मीटरमध्ये पर्यटकाला एकदा खाली नेऊन आणले तर नत्रवायूचा प्रश्न सहसा येत नाही. पण तो पर्यटक एकदा उतरतो आणि दादा दिवसातून कितीतरी वेळा. प्रत्येक वेळी थोडा नत्रवायू मागे राहतो, आणि तो तोंडी हिशेबात बसत नाही. शिवाय विजयदुर्गापासून सुमारे १०० किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेसारख्या ठिकाणी सर्वांत उथळ जागाच सुमारे २० मीटरवर आहे. तेथे अंदाजाने जाणे म्हणजे वल्ह्यावाचून होडी लोटणे होय.

आता निवडीकडे वळू. जाहिरातींत वैशिष्ट्यांच्या लांबलचक याद्या असतात; माझ्या मते पहिल्या खरेदीत त्यांतील निम्म्या दुर्लक्षिण्याजोग्या आहेत.

सर्वांत आधी पडदा. आपल्याकडचे पाणी अंदमानसारखे नितळ नाही. गढूळ पाण्यात, काचेच्या मुखवट्यातून, हात हलत असताना उरलेली मिनिटे आणि खोली हे दोन आकडे एका नजरेत दिसले पाहिजेत. ज्याला चष्मा लागतो त्याने तर दुकानात चष्मा काढून पाहावे. आतून उजळणारा रंगीत पडदा उत्तम, पण तो महाग. साध्या करड्या पडद्यावरही आकडे ठळक असले आणि दिवा लागत असला तर काम भागते. त्याच ओघात बटणे. क्रेसीचा लिओनार्डो किंवा मारेसचा पक प्रो यांना एकच बटण आहे. शिकायला सोपे, मात्र एक पायरी चुकली की सगळा फेरा पुन्हा मारावा लागतो. शिअरवॉटरच्या पेरेग्रीनला दोन बटणे व मोठा रंगीत पडदा आहे, पण तो वरच्या किंमतीचा.

भाषेची अडचण मला याहून मोठी वाटते. पडद्यावर ‘स्लो’, ‘डेको’, ‘स्टॉप’ अशी इंग्रजी अक्षरे येतात आणि सूचनापुस्तिकाही इंग्रजीत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, म्हणून दादाने ती पुस्तिका माझ्यापुढे टाकली. मी चार पानांचा मराठी तक्ता करून दिला : कोणता शब्द दिसला की काय करायचे. वर येण्याचा वेग वाढला की ‘स्लो’ दिसते आणि यंत्र ओरडते. नवशिक्याला संगणकाचा खरा उपयोग येथेच आहे. १० मीटरवरून पृष्ठभागापर्यंत येताना फुप्फुसातील हवा फुगून दुप्पट होते, म्हणून शेवटचे १० मीटर सर्वांत धोक्याचे. बहुतेक संगणक मिनिटाला ९ ते १० मीटर ही मर्यादा धरतात. त्यानंतर ५ मीटरवर ३ मिनिटे थांबण्याची आठवणही ते करून देतात. हा इशारा ऐकू येईल आणि दिसेलही असाच संगणक घ्यावा.

तिसरी गोष्ट हिशेबाचा कडकपणा. सर्व संगणकांचे गणित एकसारखे नसते. एकाच खोलीवर एक जास्त मिनिटे देतो, दुसरा कमी. जास्त मिनिटे देणारा तो हुशार, असे दुकानात ऐकू येते, ते मला मुळीच पटत नाही. संगणकाला तुमची खोली व वेळ कळते. काल रात्री झोप झाली नाही, पाणी कमी प्यायलात, थंडीने काकडला आहात, हे त्याला कळत नाही. म्हणून हिशेब अधिक कडक करण्याची सोय ज्यात आहे तो संगणक बरा, आणि सुरुवातीला ती सोय वापरावीच. याच कारणाने दोघांत एक संगणक चालत नाही. सोबती दोन मीटर वर असला तरी त्याची भांडी वेगळी भरतात. दोघांचे आकडे वेगळे असतील तेव्हा कमी मिनिटांचा मानावा.

नायट्रॉक्स, म्हणजे जादा प्राणवायूची हवा, बहुतेक संगणकांना चालते. त्याचे शिक्षण घेतलेले नसेल तर आकडा २१ टक्क्यांवर ठेवून हात लावू नये. ३२ टक्क्यांच्या मिश्रणाने नेहमीच्या मर्यादेप्रमाणे ३३ मीटरच्या खाली जाता येत नाही, कारण दाबाखाली प्राणवायूच विषारी ठरतो. टाकीतला दाब बिनतारी पद्धतीने मनगटावर दाखविणारे यंत्र ही चैन आहे. ते पैसे वाचवून पुढचे प्रशिक्षण घ्यावे.

बॅटरीविषयी मात्र चोखंदळ असावे. जी आपणच नाण्याने झाकण उघडून बदलता येते ती खेड्यात सोयीची. फक्त रबरी कडी स्वच्छ व जागेवर बसली पाहिजे. काही संगणक बॅटरीसाठी कंपनीकडे धाडावे लागतात आणि ऐन हंगामात यंत्र हाती नसते. घड्याळावर ‘५० मीटर’ लिहिले म्हणजे तो संगणक झाला, अशीही समजूत आढळते. त्याचा अर्थ फार तर पाणी आत शिरत नाही एवढाच. युरोपात ‘ईएन १३३१९’ नावाचे मानक आहे, ते खोली व वेळ मोजण्याच्या अचूकतेपुरते. नत्रवायूच्या हिशेबाची हमी त्यात येत नाही.

पडद्यावरील विमानाच्या चित्राकडे घाटावरून येणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. ते दिसते तोवर विमानप्रवास करू नये, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. परंतु वर दाब कमी होतो तो विमानात काय आणि डोंगरावर काय, सारखाच. पाणबुड्यांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या ‘डॅन’ या संस्थेचे मार्गदर्शन २००० फुटांपासून लागू होते : एका बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्यांनंतर १८ तास. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर, म्हणजे २२०० फुटांहून उंच आहे. दुपारी पाण्यातून निघून संध्याकाळी बेळगावची गाडी धरणाऱ्या हौशी पाणबुड्याने त्या चित्राचा अर्थ घाटालाही लावावा आणि एक रात्र किनाऱ्यावर काढावी. त्याच रात्री संगणक गोड्या पाण्यात बुडवून, बटणे दाबून मीठ घालवावे आणि सावलीत पुसून ठेवावा.