संकेतस्थळावरील टॅगांचा पसारा

एखाद्या मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळाचे पान उघडले म्हणजे केवळ मजकूर व चित्रेच आपल्या संगणकावर येतात असे नाही. त्यांच्यासमवेत संगणकीय आज्ञांचे काही लहान तुकडेही येतात. वाचक कोठून आला, त्याने कोणते बटण दाबले, ही वार्ता ते दूरच्या संगणकाकडे धाडतात. या तुकड्यांना टॅग असे म्हणतात.

कंपनीची संकेतस्थळे अनेक असतात. मालाचे एक, नोकरभरतीचे दुसरे, भागधारकांचे तिसरे. ती निरनिराळ्या हातांनी घडलेली असतात. जाहिरात विभाग एक टॅग चिकटवतो, विक्री विभाग दुसरा. काढून मात्र कोणीच टाकीत नाही. एकच टॅग पानावर दोनदा राहिला, तर एक भेट दोन म्हणून मोजली जाते. शिवाय एका स्थळावर ज्याला ‘खरेदी’ म्हटले, त्यालाच दुसऱ्यावर ‘ऑर्डर’ म्हटलेले असते. अशा आकड्यांची बेरीज करता येते, परंतु तिला अर्थ नसतो.

यावर ‘टॅग मॅनेजर’ हा उपाय निघाला. गूगलने आपला टॅग मॅनेजर ऑक्टोबर २०१२ मध्ये खुला केला. या पद्धतीत पानावर एकच तुकडा ठेवावयाचा. बाकीचे टॅग ‘कंटेनर’ नावाच्या एका सामायिक पेटीत राहतात व तेथूनच बदलता येतात. १ जुलै २०२३ पासून गूगल ॲनालिटिक्सच्या जुन्या सर्वसाधारण आवृत्तीने नवी नोंद घेणे थांबविले, तेव्हा या सोयीचे मोल कळले. ज्यांचे टॅग पानोपानी हाताने चिकटविलेले होते, त्यांना ते पानोपानीच शोधावे लागणार होते.

तथापि पेटी आणल्याने पसारा कमी होतो, असे मानणे भाबडेपणाचे आहे. खोलीतील अडगळ माळ्यावर जाते, इतकेच. खरे सुलभीकरण निराळेच आहे. ‘काय घडले’ हे पानाने एकदाच, ठरलेल्या शब्दांत सांगावे. ‘ते कोणाला कळवावयाचे’ हे पेटीने ठरवावे. उदाहरणार्थ, पानाने एवढेच नोंदवावे : खरेदी पूर्ण, रक्कम ५००, चलन रुपया. या नोंदीच्या जागेला ‘डेटा लेयर’ म्हणतात. पुढे मोजणीचे साधन बदलले तरी पानास हात लावावा लागत नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या एका सामुदायिक गटाने डिसेंबर २०१३ मध्ये अशा नोंदींचा एक नमुनाही प्रसिद्ध केला. परंतु सर्व विभागांनी एकच शब्दसूची मान्य करणे, हे यंत्राचे नव्हे, माणसांचे काम आहे. आणि बहुधा तेथेच घोडे अडते.

पसाऱ्याचा धोका केवळ चुकीच्या बेरजेचा नाही. पानावरील परका तुकडा त्या पानावर टंकलेले सारे वाचू शकतो. टिकेटमास्टर या तिकिटे विकणाऱ्या कंपनीने आपल्या ब्रिटिश संकेतस्थळाच्या पैसे भरण्याच्या पानावर दुसऱ्या कंपनीचा संभाषण-यंत्रणेचा तुकडा ठेवला होता. २०१८ साली चोरांनी त्या तुकड्यातच फेरफार करून ग्राहकांच्या कार्डांची माहिती पळविली. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने टिकेटमास्टरला साडेबारा लाख पौंड दंड केला. तो तुकडा मोजणीचा नव्हता. पण टॅगही याच वाटेने पानावर येतो. सामायिक पेटीची किल्ली ज्याच्या हाती, त्याला तर सर्वच पाने खुली असतात.

म्हणून प्रथम मोजदाद करावी. प्रत्येक टॅगापुढे तो कोणी व कशासाठी ठेवला हे लिहावे, आणि ज्याचा धनी सापडत नाही तो काढून टाकावा. पैसे भरण्याच्या पानावर तर अत्यावश्यक नसलेला एकही परका तुकडा ठेवू नये.