खाटेची झाली व्यायामशाळा

विद्यार्थी मित्रांनो, व्यायाम म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर मैदान येते, दंड-बैठका येतात. पण जो माणूस अंथरुणातून उठू शकत नाही, त्याने व्यायाम कसा करावा? या प्रश्नाचा विचार करणाऱ्या एका माणसाची आणि त्याच्या साधनांची माहिती आज आपण घेऊ.

जोसेफ पिलाटेस यांचा जन्म १८८३ साली जर्मनीत झाला. लहानपणी ते अशक्त होते. व्यायाम करून त्यांनी शरीर कमावले. पुढे ते इंग्लंडला गेले. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि तेथील जर्मन लोक शत्रू ठरले. पिलाटेस यांना आइल ऑफ मॅन बेटावरील छावणीत ठेवण्यात आले. असे सांगतात, की तेथे त्यांनी आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा बांधल्या. आजारी माणसे पडल्या पडल्या त्या हातापायांनी ओढू लागली.

युद्धानंतर काही वर्षांनी ते अमेरिकेत गेले. न्यूयॉर्क शहरात त्यांनी व त्यांच्या पत्नी क्लारा यांनी व्यायामशाळा चालवली. दुखापत झालेले नर्तकही तेथे येत.

त्यांचे मुख्य साधन म्हणजे 'रिफॉर्मर'. ते लांबट खाटेसारखे असते. तिच्यावर पुढे-मागे सरकणारी फळी असते आणि ती फळी स्प्रिंगांनी जोडलेली असते. फळीवर निजून पायांनी दांडी ढकलली, की फळी मागे सरकते. स्प्रिंग जितकी ताणावी, तितकी ती जोराने ओढते, हे तुम्ही विज्ञानात शिकला असाल. म्हणून परत येताना फळी धाडकन आदळू द्यायची नाही, हळूहळू आणायची. खरा व्यायाम तेथेच आहे! काही व्यायामांत तर स्प्रिंगा कमी केल्या, की तोल सांभाळणे अधिक कठीण जाते.

'कॅडिलॅक' हा चार खांबांचा पलंग. त्याच्या दांड्यांना स्प्रिंगा व झोके टांगलेले असतात. 'वुंडा चेअर' ही स्प्रिंगचे पायटे असलेली खुर्ची. ती उलटवली, की घरात बसायला उपयोगी पडे. पाठीच्या व्यायामासाठी पिंपासारखा गोल 'बॅरल' असतो. तळहातांत किंवा गुडघ्यांत धरून दाबायच्या कड्याला 'मॅजिक सर्कल' म्हणतात.

पिलाटेस यांनी आपल्या पद्धतीला 'कंट्रोलॉजी' हे नाव दिले होते. शरीरावर मनाचा ताबा, हा त्याचा अर्थ. १९६७ साली त्यांचे निधन झाले. आज ही पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

मित्रांनो, स्प्रिंगांची साधने शिक्षकांशिवाय वापरू नका. मात्र या पद्धतीतील अनेक व्यायामांना एक सतरंजी पुरते. साधन महाग असो वा साधे, श्वास आणि लक्ष आपलेच लागते.

शब्दार्थ
अशक्त – दुबळा
दुखापत – इजा
पायटा – पाय ठेवून दाबायची पट्टी
ताबा – नियंत्रण

स्वाध्याय
१. पिलाटेस यांना छावणीत का ठेवण्यात आले?
२. रिफॉर्मरची फळी हळूहळू का आणावी?
३. 'ताबा', 'तोल' हे शब्द वाक्यांत वापरा.