गवत कापणारे इंजिन विमानात

मोटारी धुण्याच्या यंत्रातील फिरते ब्रश पाहून अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या जॉर्ज बॅलस यांना १९७१ साली एक कल्पना सुचली. झाडाच्या बुंध्याशी वाढलेले गवत पात्याऐवजी वेगाने फिरणाऱ्या दोरीने कापले तर? त्यांनी पत्र्याच्या डब्याला दोरीचे तुकडे बांधून तो फिरवून पाहिला. त्यातूनच ‘स्ट्रिंग ट्रिमर’ हे यंत्र जन्माला आले. पुढे अशी जुनी यंत्रे भंगारात निघू लागली, तेव्हा प्रतिकृती-विमाने उडवणाऱ्या हौशी मंडळींनी त्यांतील पेट्रोल इंजिने विमानांना बसवली.

हे इंजिन टू-स्ट्रोक जातीचे असते. आकारमान २० ते ३० घन सेंटिमीटर आणि शक्ती सुमारे एक अश्वशक्ती. गवत कापताना यंत्र कसेही तिरपे धरावे लागते. म्हणून त्याच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगणाऱ्या गोळ्याऐवजी लवचीक पडदा असतो. विमान उलटे झाले तरी इंजिन बंद पडत नाही, ते यामुळेच.

मग बदलायचे काय? क्लच आणि दोरी ओढून चालू करण्याची यंत्रणा सहज काढता येते. खरा प्रश्न आहे फ्लायव्हीलचा, म्हणजे प्रचक्राचा. हे जड चाक एकाच वेळी तीन कामे करते. दट्ट्याच्या दोन धक्क्यांमध्ये ते इंजिनाची गती टिकवते. त्यावरील पात्यांनी सिलिंडरवर वारा घालते. आणि त्यात बसवलेले चुंबक जवळच्या वेटोळ्यासमोरून जाताना विद्युत-चुंबकीय प्रवर्तनाने ठिणगी निर्माण करतात.

पहिले काम प्रोपेलर करू शकेल काय, ते गणिताने पाहू. समजा, फ्लायव्हीलचे वस्तुमान ४०० ग्रॅम व त्रिज्या ४.५ सेंमी आहे. सपाट चकतीचे निरूढी परिबल, म्हणजे फिरण्यातील जडत्व, ½ × ०.४ × (०.०४५)² = सुमारे ०.०००४ किग्रॅ-मी² येते. आता ४० सेंमी लांबीचा, ६० ग्रॅमचा लाकडी प्रोपेलर घेऊ. तो सरळ दांडा मानला, तर १/१२ × ०.०६ × (०.४)² = ०.०००८. प्रोपेलर मध्यभागी जाड असल्यामुळे प्रत्यक्ष आकडा यापेक्षा कमी भरेल. तरीही वजनाने सातपट हलका प्रोपेलर फ्लायव्हीलची जागा घेऊ शकतो, हे स्पष्ट होते. कारण वस्तुमान अक्षापासून दूर आहे आणि अंतराचा वर्ग होतो.

दुसरे काम, वारा घालण्याचे, तेही प्रोपेलर करतोच. उरले चुंबक. ते काढले तर ठिणगीच पडणार नाही. म्हणून फ्लायव्हील लेथवर उतरवून हलके करतात, पण चुंबक आणि त्यासमोरील समतोल राखणारा भाग ठेवतात. काही जण फ्लायव्हील संपूर्ण काढून बॅटरीवर चालणारी इलेक्ट्रॉनिक ठिणगी-यंत्रणा बसवतात.

येथेच धोका आहे. समजा, चुंबक २० ग्रॅमचा असून अक्षापासून ३ सेंमीवर आहे आणि इंजिन मिनिटाला ८,००० फेरे घेते. कोनीय वेग सेकंदाला ८३८ रेडियन होतो. अभिकेंद्री बल ०.०२ × (८३८)² × ०.०३ = सुमारे ४२० न्यूटन, म्हणजे ४३ किलोग्रॅम वजनाइतके! चुंबकाभोवतीचा धातू जास्त खरवडला गेला, तर तो गोळीसारखा सुटेल. याच वेगाने प्रोपेलरचे टोक ताशी ६०० किलोमीटरने फिरत असते.

आणखी एक गोष्ट. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. चुंबक फिरतो तोवर ठिणगी पडत राहते. म्हणून वेटोळ्याचा प्रवाह इंजिनाच्या धातूकडे वळवून ठिणगी बंद करणारे बटण हवेच. हे काम अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालीच करावे. चालू इंजिनासमोर किंवा प्रोपेलरच्या पातळीत कोणीही उभे राहू नये.

टाकाऊ यंत्र नव्या कामाला लावताना कोणता भाग काढावा यापेक्षा तो भाग किती कामे करतो, हे आधी विचारावे.

स्वाध्याय : (१) फेरे दुप्पट झाले, तर चुंबकावरील बल किती पट होईल? (२) ६० ग्रॅमचाच पण २० सेंमी लांबीचा प्रोपेलर फ्लायव्हीलची जागा घेऊ शकेल काय?