वितळणं वेगळं, मऊ पडणं वेगळं : रॉकेटच्या इंजिनाचा धातू



परवा चौथीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, माझे पप्पा एमआयडीसीत भट्टीवर आहेत. तिथं भंगाराचं पाणी होतं. मग रॉकेटचं इंजिन का वितळत नाही?" जालन्याच्याच पोराला सुचावा असा प्रश्न! उत्तर शोधताना मीही शिकलो.

लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं, निकेल १४५५ ला. तरी इंजिनासाठी निकेलचे मिश्रधातू वापरतात. कारण साधं पोलाद ६०० अंशांनाच निम्मी ताकद गमावतं. 'इन्कोनेल ७१८' हा निकेल, क्रोमियम, लोखंड, नायोबियम यांचा मिश्रधातू सुमारे ६५० अंशांपर्यंत ताकद टिकवतो. त्यातले अतिसूक्ष्म कण अणूंचे थर सहज घसरू देत नाहीत. क्रोमियममुळे गंजही कमी धरतो.

इंजिनातली ज्वाला मात्र ३००० अंशांच्या आसपास जाते. म्हणून भिंतीतल्या बारीक नळ्यांतून इंधन फिरवून ती थंड ठेवतात. अशा नळ्यांसकट इंजिन थ्रीडी प्रिंटरवर अखंड बनवता येतं. ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून चेन्नईच्या अग्निकुल कंपनीचं 'अग्निबाण' अशाच एकसंध छापील इंजिनावर उडालं.

छपाई कशी होते?
धातूच्या भुकटीचा केसापेक्षाही पातळ थर पसरतात. लेझर हवा तेवढाच भाग वितळवतो. मग दुसरा थर, तिसरा थर... असे हजारो.

अडचण काय?
प्रत्येक थर क्षणात थिजतो, म्हणून आत ताण राहतो. कधी बारीक पोकळ्याही राहतात. धातूचे स्फटिक ज्वारीच्या ताटांसारखे उभे वाढतात, त्यामुळे उभी आणि आडवी ताकद सारखी नसते. लाकूडही रेषेत पटकन फाटतं, आडवं नाही, तसंच. म्हणून छापलेला भाग तसाच वापरत नाहीत. उष्णता आणि वायूचा दाब देऊन पोकळ्या मिटवतात. पुढे सुमारे ७२० आणि मग ६२० अंशांवर काही तास ठेवतात. ते ताकद देणारे कण तेव्हा तयार होतात.

कृती : मेणबत्तीचं एक टोक विटेखाली दाबून ती आडवी, दुपारच्या उन्हात ठेवा. वितळण्याआधीच ती वाकते. मुलांना कारण विचारा, लगेच सांगू नका.

पालकहो, भट्टीचं तापमान, भंगाराची निवड, सळईला पाणी मारणं हे तुमचं रोजचं काम म्हणजे धातुविज्ञानच आहे. "आम्हाला काय कळतं" म्हणू नका. आज जेवताना पोरांना ते सांगा. त्या मुलाच्या पप्पांना मी वर्गात बोलावलंय, पुढचा धडा तेच घेणार आहेत.